करकच मास्तरांचा उजवा पाय

करकच मास्तरांचा उजवा बूट नेहमी डाव्याच्या चार महिने आधी झिजायचा. तोही सगळा नाही, फक्त पुढे, चवड्याखाली. कोपऱ्यावरचा बूट दुरुस्त करणारा दर वेळी तळवा उलटसुलट करून बघायचा आणि विचारायचा, "मास्तर, तुम्ही एकाच पायाने चालता की काय?"

"चालत नाही," मास्तर म्हणायचे, "थांबवतो."

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन असतात, हे ज्याने कधी शिकवणी लावली असेल त्याला ठाऊक असेल. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, सगळ्या गाड्यांना असतो तसा. दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाशी, अगदीच वेळ आली तर वापरायला. आता ही वेळ कधी येते, याबद्दल मास्तरांचं आणि उरलेल्या जगाचं एकमत नव्हतं. मास्तरांच्या मते ती दर वळणावर येत होती. समोर सायकल दिसली की आली, कुत्रं उठून बसलं की आली, सिग्नल हिरवा असला तरी तो पिवळा होणार या विचारानेच आली. पाय करकचून खाली जायचा, गाडी गचका खाऊन थांबायची, शिकणाऱ्याचं कपाळ स्टिअरिंगपर्यंत जाऊन परत यायचं आणि मास्तर ओरडायचे, "मेलो असतो आत्ता!" यावरून कुणा चावट विद्यार्थ्याने त्यांना करकच मास्तर हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

पाय घरीही गप्प बसत नसे. टीव्हीवर कुणी जोरात गाडी हाकू लागलं की मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या ब्रेक मारायचे. त्या खुर्चीपुढच्या गालिच्याला एकाच जागी भोक पडलं होतं. बसमध्ये तर त्यांच्या पुढच्या सीटवर बसायला ओळखीचे लोक राजी नसत, कारण मागून पाठीत लाथ कधी बसेल याचा नेम नाही.

त्यांची बायको एका शाळेच्या वाचनालयात कामाला होती. शांत बाई, पण डोळ्यांत मिस्कील चमक. तिची धाकटी बहीण तासाभराच्या अंतरावर राहायची. बहिणीकडे जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या आणि मधल्या थांब्यावर तासभर उभं राहायचं. घरच्या अंगणात मात्र निळी छोटी गाडी स्वच्छ पुसून उभी. पंधरा वर्षांपूर्वी ती गाडी घरी आली त्या संध्याकाळीच बायको म्हणाली होती, "अहो, मला शिकवा ना."

मास्तर म्हणाले, "आत्ता नको. गाडी नवी आहे, घासेल."

पुढे रस्ते खोदलेले होते. मग बायकोला चष्मा लागला होता. मग मास्तर म्हणू लागले, "आता नको. गाडी जुनी झाली, कधी दगा देईल सांगता येत नाही." नवी होती तेव्हा नवी म्हणून नको आणि जुनी झाली तेव्हा जुनी म्हणून नको. मधल्या काळात ती गाडी शिकण्याजोगी नेमकी कोणत्या दिवशी होती, हे बायकोने एकदा हसत हसत विचारलंही होतं. मास्तरांनी वर्तमानपत्र चेहऱ्यापुढे धरलं. खरं कारण एवढंच होतं की घरच्या गाडीला दुसरा ब्रेक नव्हता. पण हे मास्तर स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तरांची अशी बावीस वर्षं गेली. मग स्कूलचे मोठे साहेब निवृत्त झाले आणि कारभार त्यांच्या मुलीकडे आला. ऑफिसात सगळे तिला मॅडम म्हणत. ती लहानपणी मास्तरांच्या खांद्यावर बसून गॅरेजभर फिरलेली, त्यामुळे अजूनही मास्तरांना काका म्हणायची. पण काका म्हणता म्हणता एके सकाळी तिने दोन वर्षांचे परीक्षेचे निकाल त्यांच्यापुढे पसरले.

"काका, तुमच्या दहा विद्यार्थ्यांतले सात पहिल्या खेपेला नापास होतात."

"परीक्षक खडूस आहेत."

"परीक्षक सगळ्यांना तेच आहेत. शेरे बघा ना. 'वेळेवर ब्रेक लावला नाही.' हा बघा, 'वेळेवर ब्रेक लावला नाही.' जवळजवळ सगळ्यांना तोच शेरा."

मास्तरांना खरंच काही कळेना. "अगं, हे कसं शक्य आहे? माझ्याबरोबर असतात तेव्हा तर गाडी अगदी वेळेवर थांबते!"

मॅडम नुसती ऐकत राहिली. टेबलाखालून फळी दाबल्याची कुरकुर येत होती. मास्तरांच्याही ती कानावर आली, आणि त्यांनी पाय झटकन मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मास्तरांच्या गाडीत बझर बसवला. शिकणाऱ्याने ब्रेक दाबला तर गप्प. मास्तरांनी दाबला की टर्र.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तसेच ऑफिसात घुसले. "बावीस वर्षं झाली! माझ्या गाडीत एका माणसाला ओरखडा आला नाही! आणि मला घंटी बांधता?"

"ओरखडा आला नाही, खरंय," मॅडम म्हणाली. "पण ब्रेक लावायला शिकूनही कुणी गेलं नाही, काका. तुम्हीच लावत होतात. त्यांना वाटत होतं आपण लावतोय."

मॅडमला त्यांची दया आली असावी, पण तिने बोलायचं ते बोलून टाकलं. सध्या मास्तरांकडे शिकणाऱ्या सिस्टरांची परीक्षा तीस तारखेला आहे. त्या पास झाल्या तर काही म्हणणं नाही. नाही झाल्या, तर पुढच्या महिन्यापासून मास्तरांनी ऑफिसात बसून फॉर्म भरायचे.

फॉर्म! गाडीशिवाय आपण म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न त्यांना आजवर पडला नव्हता आणि पडायला नको होता.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या एक परिचारिका. पन्नाशीला टेकलेल्या, बुटक्या, त्यामुळे गाडीत येताना स्वतःची उशी घेऊन यायच्या आणि ती सीटवर ठेवून वर चढून बसायच्या. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांच्या घरी जाऊन त्यांना तपासायला दवाखान्याने एक व्हॅन घेतली होती. यादीत एकतीस रोगी होते. बसने आणि पायी फिरून सिस्टर त्यांतल्या नऊच जणांपर्यंत पोचायच्या. महिनाअखेर लायसन्स हातात आलं तर व्हॅन सिस्टरांची, नाहीतर ते काम दुसऱ्या कुणाला. मागच्या महिन्यात त्या एकदा नापास झाल्या होत्या. शेरा काय होता ते सांगायची गरज नाही.

बझर बसल्याच्या पहिल्या दिवशी तासभर गाडी फिरली. तास संपला तेव्हा सिस्टरांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, "एकसष्ट."

"काय एकसष्ट?"

"टर्र. मी मोजत होते. सवय आहे मला मोजायची. मिनिटाला एक, म्हणजे जरा जास्तच आहे हो."

"बझर बिघडलाय," मास्तर म्हणाले.

मेकॅनिकने तपासला. बझर ठणठणीत होता.

मग मास्तर जिद्दीला पेटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उजवा पाय डाव्याखाली दाबून ठेवला. अठ्ठावन्न. तिसऱ्या दिवशी चक्क सीटवर मांडी घातली. कोपऱ्यावरून एक कुत्रं जांभई देत बाहेर आलं, मांडी कधी सुटली ते मास्तरांना कळलंही नाही आणि बझर असा वाजला की कुत्र्याने जांभई अर्धवट सोडून पळ काढला. शाळेतली पोरं तर गाडी दिसली की "टर्रगाडी आली, टर्रगाडी!" म्हणून ओरडायला लागली. मास्तर काच खाली करून त्यांच्यावर खेकसले. पोरांना तेवढंच हवं होतं.

चौथ्या दिवशी मात्र कहर झाला. गॅरेजांच्या रस्त्यावरून जाताना बझर कर्कश वाजला, गाडी गचकन थांबली आणि मास्तर सिस्टरांवर कडाडले, "डोळे आहेत की बटणं? एवढी मोठी बस दिसत नाही समोर?"

सिस्टरांनी गाडी हळूच कडेला घेतली आणि बंद केली. मास्तरांचं मनगट हातात घेतलं, स्वतःच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एकशे बारा."

"आता हे काय?"

"तुमची नाडी. सर, त्या बसमध्ये ड्रायव्हर होता का?"

मास्तरांनी मान वळवून बघितलं. "नाही."

"आणि चाकं?"

मास्तरांनी पुन्हा बघितलं. बस गॅरेजच्या दारात विटांच्या चार ढिगांवर उभी होती. चाकं काढून भिंतीला लावली होती आणि बसच्या पायरीवर तिथला मेकॅनिक चहा पीत बसला होता. त्याने मास्तरांकडे बघून कप वर केला.

आधी मास्तरांच्या मिशा हलल्या. मग पोट हललं. मग दोघंही असे हसत सुटले की सिस्टरांची उशी घसरली आणि त्या स्टिअरिंगखाली दिसेनाशा झाल्या.

"माझंही असंच होतं," वर येऊन डोळे पुसत सिस्टर म्हणाल्या. "नोकरीचं पहिलं वर्ष. एक आजोबा वॉर्डात धाडकन पडले. मी धावले. ट्रे आणायला धावले, ट्रे ठेवून परत धावले, दारापर्यंत गेले, परत आले. नुसती धावतच होते. आजोबा बिचारे खालून माझ्याकडे बघतायत. शेवटी मोठ्या सिस्टरांनी माझा खांदा धरला आणि म्हणाल्या, जे दिसतंय ते मोठ्याने बोल. आधी बोल, मग हात लाव."

"मग?"

"मग बोलले. 'डोळे उघडे. श्वास चालू. कपाळाला खोक, रक्त थोडं.' आणि बोलून होईपर्यंत हाताला आपोआप कळलं काय करायचं ते. तेव्हापासून मी अशीच काम करते. भीती जात नाही हं, सर. ती येते, शेजारी बसते. पण आपण बोलत असलो की तिला मध्ये तोंड घालता येत नाही."

मास्तरांना हे बालवाडीतल्यासारखं वाटलं. पण फॉर्म डोळ्यांपुढे नाचत होते. त्यांनी घसा खाकरला. सिस्टरांनी गाडी सुरू केली.

"सायकल," मास्तर म्हणाले. आवाज असा निघाला की जणू पहिल्यांदाच सायकल बघतायत. "डावीकडे. सरळ चाललीय. चालवणारा शीळ घालतोय."

पाय उचलला गेला होता, पण जागच्या जागी थांबला. सायकल मागे पडली. बझर वाजला नाही.

"कुत्रं," मास्तर म्हणाले. "तेच कालचं. बसलंय. आपल्याकडे संशयाने बघतंय."

त्या दिवशी बेचाळीस झाले. दुसऱ्या दिवशी तेहेतीस. मग एकोणीस. गंमत अशी की मास्तर बोलत असल्यामुळे सिस्टरांनाही रस्त्यावर काय काय असतं ते दिसू लागलं आणि त्यांचा पाय वेळेवर ब्रेककडे जाऊ लागला. आधी त्याला तिथे कामच नव्हतं.

ही बोलायची सवय मास्तर घरी घेऊन गेले. एका सकाळी बायको आंघोळीला गेली होती आणि दूध तापत होतं. एरवी अशा वेळी मास्तर "उतू गेलं! उतू गेलं!" असा आरडाओरडा करत धावायचे, उघड्या हाताने पातेलं धरायचे, हात भाजायचा आणि मग दूध खरोखरच सगळीकडे व्हायचं. त्या दिवशी बायको बाहेर आली तर स्वयंपाकघरातून संथ आवाज येत होता. "दूध. गॅसवर. वर येतंय. काठापासून दोन बोटं खाली. आता एक बोट." आणि मग गॅसचं बटण बंद झाल्याचा टक असा आवाज.

बायको दारात उभी राहून बघत राहिली. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याच्या राखणीत दूध पातेल्यातच राहिल्याची ही पहिली वेळ होती.

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"बायको," मास्तर म्हणाले. "दारात. केस ओले. हसतेय."

तिने लगेच बहिणीला फोन लावला.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बझर तासाला नऊ वेळा वाजत होता. मास्तर शीळ घालत कामावर जाऊ लागले. आणि मंगळवारी मॅडमने परीक्षेचा रस्ता सिस्टरांच्या हातात दिला. सिस्टरांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "बाजाराचा उतार? सर, आपण तिकडे एकदाही गेलो नाही."

"तिकडे गर्दी असते," मास्तर म्हणाले.

"परीक्षा तिथूनच जाते की!"

जाते, हे मास्तरांना ठाऊक होतं. बावीस वर्षांतली सोळा वर्षं ते प्रत्येक विद्यार्थ्याला त्या उताराला वळसा घालून नेत होते. त्या दिवशी नाइलाज झाला. उतार लागला आणि मास्तरांचं बोलणं बंद झालं. बझर सुरू झाला. तास संपला तेव्हा सिस्टर आकडा बोलल्याच नाहीत. तो चव्वेचाळीस होता. मास्तरांनीच मोजला होता.

"तिथे काय झालं होतं?" सिस्टरांनी विचारलं.

मास्तरांनी नेहमीची गोष्ट सांगितली. ती सगळ्या स्कूलला पाठ होती. सोळा वर्षांपूर्वी एक उंच, हडकुळा संगीतशिक्षक शिकायला यायचा. उतारावर त्याने ब्रेकऐवजी भलतंच दाबलं आणि गाडी थेट भाजीवाल्याच्या भोपळ्यांत. भोपळे सुटले ते उतारावरून गडगडत निघाले. एक न्हाव्याच्या दुकानात शिरला, एक बँकेच्या पायऱ्यांपर्यंत गेला आणि तिथल्या पहारेकऱ्याने त्याला अडवला. या ठिकाणी लोक हसायचे. मास्तर तेवढा वेळ थांबले.

सिस्टर हसल्या नाहीत. "आणि मग?" त्या म्हणाल्या.

'आणि मग?' हा प्रश्न सोळा वर्षांत कुणी विचारला नव्हता. मास्तर बराच वेळ पुढच्या काचेतून बघत बसले.

"भोपळ्यांच्या मागे एक मुलगी उभी होती," ते शेवटी म्हणाले. "पाच-सहा वर्षांची. हातात पिशवी. गाडी थांबली तेव्हा तिच्यात आणि बंपरमध्ये एवढं अंतर होतं." त्यांनी वीत दाखवली. मग ती थोडी मिटली. "तिला काही झालं नाही. रडलीसुद्धा नाही. नुसती माझ्याकडे बघत होती. आणि माझा पाय, सिस्टर, माझा पाय ब्रेकवर नव्हताच. मी पायावर पाय टाकून त्या संगीतशिक्षकाला विनोद सांगत होतो."

सिस्टरांनी विचारलं, "कोणता विनोद?"

"आठवत नाही. सोळा वर्षं आठवतोय." आणि मास्तरांना एकाच वेळी हसू आणि रडू आलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

"म्हणजे तेव्हा तुम्ही बघतच नव्हतात," सिस्टर म्हणाल्या. "आणि तेव्हापासून भीतीच इतकी बघताय की रस्ता आताही दिसत नाही. उद्या पुन्हा उतारावर जाऊ. तुम्ही फक्त बोला."

ते दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. रोज तोच उतार, चार-चार वेळा. भाजीवाला आता म्हातारा झाला होता. त्याने मास्तरांना ओळखलं आणि गाडी दिसली की तो भोपळे दोन्ही हातांनी कवटाळून धरायचा. मास्तर त्याचीही नोंद घ्यायचे. "भाजीवाला. उजवीकडे. नाटकं करतोय."

एकोणतीस तारखेला शेवटची शिकवणी होती. सुरुवातीलाच एका गल्लीच्या तोंडाशी बझर एकदा वाजला आणि गाडी थांबली. गल्लीतून एक ट्रक उलटा बाहेर येत होता. सिस्टरांच्या बाजूने तो दिसण्यासारखाच नव्हता.

"हा मी दाबला," मास्तर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "ट्रक. मागे येतोय. तुम्हाला दिसणार नव्हता, मला दिसला."

"हा बरोबर होता," सिस्टर म्हणाल्या. "हा मी मोजत नाही."

मास्तरांना स्वतःचंच नवल वाटलं. पाय खाली गेला होता, पण या वेळी तो त्यांनी नेला होता.

मग उतार आला. दुपारची शाळा सुटली होती. अर्ध्या उतारावर, भाजीच्या दुकानाच्या थोडं पुढे, रस्त्याच्या कडेला एक मुलगी उभी होती. पाच-सहा वर्षांची असेल. हातात पिशवी होती.

मास्तरांच्या उजव्या पायाच्या बोटांपर्यंत कळ गेली. सोळा वर्षं जिला चुकवलं ती समोर येऊन उभी राहिली होती. पाय उचलला गेला.

"मुलगी," मास्तर म्हणाले. शब्द फुटता फुटता फुटला. "उजवीकडे. कडेला. हातात पिशवी. आपल्याकडे बघत नाही. एक पाय..." त्यांनी श्वास घेतला. "एक पाय रस्त्यावर टाकलाय."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत गाडीचा वेग उतरला होता. सिस्टरांचा आखूड पाय ब्रेकवर हळूहळू दाबला जात होता. गाडी थांबली. गचका नाही, करकच नाही. मुलीपासून चांगली दहा पावलं दूर. मास्तरांचा पाय पेडलच्या वर एक बोट अधांतरी होता आणि बझर गप्प होता.

मुलीने दोन्हीकडे बघितलं, रस्ता ओलांडला, पलीकडच्या कडेला पोचली आणि वळून मास्तरांना जीभ काढून दाखवली.

मास्तरांनी तिला परत जीभ काढून दाखवली. मग ते सीटवर मागे रेलले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

परीक्षेला शिकवणाऱ्याला गाडीत बसू देत नाहीत. तीस तारखेला सकाळी मास्तर परीक्षा केंद्रासमोरच्या फुटपाथवर उभे राहिले आणि गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तसे पुटपुटू लागले. "गाडी. गेली. सिस्टर आत. उशी घेतलीय. मी इथे. माझा पाय फुटपाथवर." जाणारे येणारे त्यांना वळसा घालून जात होते. पंचवीस मिनिटांनी गाडी परत आली. परीक्षक आधी उतरला, वहीत काहीतरी खरडत निघून गेला. मग उशी बाहेर आली आणि तिच्यामागून सिस्टर.

"पास!" त्या रस्त्यापलीकडूनच ओरडल्या. "परीक्षक विचारत होता, बाई, तुम्ही सारख्या स्वतःशी काय बोलताय? म्हटलं, आमच्या सरांची पद्धत आहे!"

पद्धत सिस्टरांचीच होती, पण मास्तरांनी ते श्रेय खिशात घातलं, निदान संध्याकाळपर्यंत. ऑफिसात मॅडमने विचारलं, "काका, आता बझर काढून टाकू?" मास्तर म्हणाले, "असू दे. चुकलो तर सांगेल."

घरी आले तेव्हा बायको बहिणीकडे जायची पिशवी भरत होती. उद्या रविवार, सकाळची पहिली बस. मास्तर दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, तुला गाडी शिकवायची म्हणतोय."

बायकोचा हात पिशवीत तसाच राहिला.

"म्हणजे लगेच नाही," मास्तर घाईने म्हणाले. जुनी सवय एकदम सुटत नाही. "आधी शिकाऊ परवाना काढावा लागेल. अर्ज, फोटो. महिना-दोन महिने जातील."

बायको आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती एक बिस्किटांचा जुना डबा घेऊन बाहेर आली आणि तो मास्तरांच्या हातात दिला. डब्यात शिकाऊ परवाने होते. परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते. डब्यात चौदा परवाने होते. दर वर्षी एकदा, आधीचा बाद झाला की, वाचनालयातून परत येताना तिने नवा काढला होता. पहिल्या फोटोत तिची लांब वेणी होती आणि गालांवर मोठं हसू. मग वेणीचा अंबाडा झाला. मग चष्मा आला. मग कानांजवळ पांढरं दिसू लागलं. सगळ्यात वरच्या परवान्याची मुदत अजून चार महिने बाकी होती.

मास्तरांना आजपर्यंत वाटायचं, ती विसरून गेली. ते डबा धरून खुर्चीत बसले. बोलायची सवय होती म्हणून तोंड उघडलं, पण जे दिसत होतं ते मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. "चुकलंच माझं," एवढंच ते म्हणाले. बायकोने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डबा काढून घेतला.

रविवारी सकाळी त्यांनी निळ्या गाडीची किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले. पायाशी बघितलं. तिथे नुसती रबरी चटई होती.

"आरसा," मास्तर म्हणाले. "फाटक. उघडं आहे. रस्त्यावर..."

"अहो, थांबा," बायको म्हणाली. "मला बोलू द्या ना." तिने आरसा नीट केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, समोर बघितलं, मागे बघितलं आणि मग हळूच शेजारी बघितलं. "नवरा," ती म्हणाली. "शेजारी. पट्टा बांधलाय. दोन्ही पाय सीटवर घेऊन बसलाय."

मास्तरांनी खाली बघितलं. खरंच की! त्यांनी पाय एकेक करून खाली सोडले आणि चटईवर टेकवले.

"आता खाली ठेवलेत," ते म्हणाले.

"दिसलं," ती म्हणाली आणि क्लच सोडला.

गाडीने दोन गचके खाल्ले आणि ती फाटकाबाहेर पडली. गल्लीच्या टोकापर्यंत बायकोने कुत्रं सांगितलं, सायकल सांगितली, कपडे वाळत घालणाऱ्या शेजारीणबाई आणि त्यांचं उघडं पडलेलं तोंडही सांगितलं. मास्तर ऐकत बसले होते. टोकाला मोठा रस्ता आला आणि गाडी त्याच्या अलीकडे हळूच, गचका न खाता थांबली. कुणी थांबवली हे विचारायचं कारण नव्हतं. त्या गाडीला ब्रेक एकच होता.